हौसेलाही मोल असते

‘हौसेला मोल नाही’ ही म्हण मराठी घरांत दोन प्रकारे उच्चारली जाते. खर्च करणारा ती समर्थनासाठी वापरतो आणि तो खर्च पाहणारा उपरोधाने. घर, वाहन, शिक्षण, लग्नकार्य अशा मोठ्या खर्चांचा विचार कुटुंब एकत्र बसून करते. कर्ज किती, हप्ता किती, ठेव मोडावी की ठेवावी याचा हिशेब कागदावर मांडला जातो. चार-पाच हजारांच्या हौसेच्या नशिबी मात्र असा विचार नसतो. ती एक तर मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकताच पुरी होते, नाही तर ‘या वयात हे काय!’ एवढ्या एका वाक्याने निकालात निघते. दोन्ही निर्णय सारखेच अविचारी असतात. लहान हौसेचाही हिशेब मांडावा आणि तो केवळ पैशांचा नसावा, हे पटवून देण्यास गेल्या काही वर्षांत लोकप्रिय झालेली एक छोटी वस्तू फार उपयोगी पडते.

ही वस्तू म्हणजे जुने व्हिडिओ गेम खेळण्याचे, तळहातावर मावणारे यंत्र. साधारण साडेतीन इंचांचा पडदा, डावीकडे अधिक चिन्हाच्या आकाराची दिशांची कळ, उजवीकडे चार गोल बटणे आणि आत १९८० व १९९० च्या दशकांतील खेळ चालविणारी छोटी संगणकीय पाटी, एवढाच तिचा संसार. चीनमधील शेन्झेन येथील ॲनबर्निक आणि मियू या कंपन्यांची यंत्रे २०२१-२२ पासून विशेष गाजली. त्यानंतर तशीच अनेक यंत्रे बाजारात आली. भारतात ती साधारणतः तीन ते आठ हजार रुपयांत मिळतात. खरेदीदार बहुधा लहान मूल नसते. शाळेत असताना दूरचित्रवाणी संचासमोर मांडी घालून बसलेली आणि आता पस्तिशी-चाळिशी ओलांडलेली पिढी हे यंत्र विकत घेत आहे.

पावर हाउसची पिढी

ही पिढी कशी घडली, हे समजण्यासाठी भिलाईतील पावर हाउससारखे ठिकाण डोळ्यांसमोर आणावे. हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावरचे हे छोटे स्थानक. त्याच्या एका अंगाला पोलाद कारखान्याची सेक्टरांत विभागलेली आखीव नगरी आहे, तर दुसऱ्या अंगाला कॅम्पची दाट वस्ती आणि जवाहर मार्केटचा गजबजलेला बाजार. नाव इंग्रजी असले तरी हिंदी, छत्तीसगढी, तेलुगू, बंगाली, मराठी बोलणारे सारे ते आपलेच समजून उच्चारतात. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्या राज्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पुढे देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे आली, त्यांत विदर्भातील मराठी कुटुंबेही होती.

अशा कारखान्याच्या गावात घराचे घड्याळ पाळीवर चालते. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. वडील रात्रपाळीहून येऊन झोपले की घरात आवाज करायचा नाही, हा नियम तेथील मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ होतो. आणि त्याच मुलांना ‘पाळी’ या शब्दाचा दुसरा अर्थही खेळातून कळला. एक टीव्ही गेम, दोन जॉयस्टिक आणि सभोवती सात-आठ मुले. ज्याचा खेळाडू मरेल त्याने उठायचे आणि पुढच्याला जागा द्यायची. भिलाईच असे नव्हे, नागपूर, जमशेदपूर, पिंपरी-चिंचवड, जेथे जेथे कारखान्यांच्या वसाहती होत्या, तेथे तेथे १९९० च्या दशकातील सुट्टी अशीच सरली.

तो टीव्ही गेम बहुधा अस्सल नव्हता. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिकॉम’ हे यंत्र विक्रीस आणले आणि पुढे जगभर त्याच्या स्वस्त नकला तयार झाल्या. भारतात ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ पर्यंत टप्प्याटप्प्याने उठले. त्यापूर्वी मध्यमवर्गीय घरात अशी नक्कल येणे हीच अपूर्वाई होती. खेळ ज्या प्लॅस्टिकच्या पेटीत असे, तिला मुले ‘कॅसेट’ म्हणत. ती चालली नाही की बाहेर काढून तिच्यावर फुंकर मारत. एका कॅसेटवर ‘शेकडो खेळ’ असे छापलेले असे आणि प्रत्यक्षात तेच दहा-पंधरा खेळ निरनिराळ्या नावांनी पुनःपुन्हा येत. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, ‘कॉन्ट्रा’, ‘डक हंट’ ही नावे या पिढीला वर्गमित्रांच्या नावांइतकी परिचित आहेत. ‘कॉन्ट्रा’त कळा विशिष्ट क्रमाने दाबल्या की तीस प्राण मिळतात, हे गुपित वर्तमानपत्र किंवा इंटरनेट यांच्या साहाय्याशिवाय गावोगाव पोहोचले होते.

मॉस्कोहून आलेल्या विटा

टीव्ही गेमही ज्यांना परवडत नसे, त्यांच्यासाठी पेन्सिल सेलवर चालणारा ‘ब्रिक गेम’ होता. ‘९९९९ इन १’ अशी भव्य घोषणा त्याच्यावर असे आणि आत प्रामुख्याने वरून पडणाऱ्या विटा रचण्याचा एकच खेळ असे. तो खेळ म्हणजे ‘टेट्रिस’ची नक्कल. ‘टेट्रिस’चा जन्म १९८४ च्या सुमारास मॉस्कोतील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात झाला. अलेक्सी पाजित्नोव या संशोधकाने तो ‘इलेक्ट्रॉनिका ६०’ या सोव्हिएत संगणकावर प्रथम तयार केला. त्या संगणकाला चित्रे काढता येत नसत, म्हणून विटांच्या जागी त्याने कंसांची चिन्हे वापरली होती. ज्या देशाच्या साहाय्याने भिलाईची भट्टी उभी राहिली, त्याच देशातून आलेल्या विटा तेथील मुलांच्या हातातील पडद्यावर पडत होत्या. त्यांपैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असेल.

निन्टेन्डोने २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये ‘गेम बॉय’ आणला आणि त्याच वर्षी अमेरिकेत तो टेट्रिससह विकला. आजच्या सर्व छोट्या यंत्रांचा तो आजोबा होय. पडदा रंगीत नव्हता. हिरवट रंगाच्या चार छटा, आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके, पडद्यामागे प्रकाश नाही. त्याच वर्षी अटारी कंपनीने रंगीत आणि प्रकाशित पडद्याचे ‘लिंक्स’ हे यंत्र आणले होते. मात्र त्याला सहा सेल लागत आणि ते काही तासांतच संपत. गेम बॉय चार सेलांवर त्याच्या कितीतरी पट अधिक वेळ चाले. बाजाराने गेम बॉयला कौल दिला. त्याच्या साध्या व रंगीत आवृत्त्या मिळून सुमारे ११ कोटी ८७ लाख यंत्रे विकली गेली. १९९३ मध्ये अलेक्सांद्र सेरेब्रोव हा अंतराळवीर गेम बॉय आणि टेट्रिस सोबत घेऊन ‘मीर’ या अंतराळ स्थानकावर गेला.

गेम बॉयमागील कल्पक अभियंता गुनपेई योकोई याचे तत्त्व बँकेच्या ग्राहकाला सहज पटावे असे होते. अगदी नवे आणि महाग तंत्र धरून न बसता, जुने होऊन स्वस्त व भरवशाचे झालेले तंत्र घ्यावे आणि त्याचा नवा उपयोग शोधावा. १९८० मध्ये त्याने गणकयंत्राच्या स्वस्त झालेल्या पडद्यातून ‘गेम अँड वॉच’ घडविला. आजची तीन-चार हजारांची यंत्रे त्याच तत्त्वावर चालतात. पूर्वी मोबाइल फोनसाठी तयार होणाऱ्या व आता स्वस्त झालेल्या चिपा आणि पडदे त्यांत असतात.

विकत काय घेतले जाते?

येथे मुख्य प्रश्न येतो. हे यंत्र घेणारा नेमके काय विकत घेतो? खेळ म्हणावेत तर ते मोबाइलवरही चालतात. ॲपलनेही एप्रिल २०२४ मध्ये आपल्या दुकानात जुन्या यंत्रांची नक्कल करणाऱ्या ॲपना परवानगी दिली. अँड्रॉइडवर ती सोय त्यापूर्वीपासून आहे. घरात चालू मोबाइल असताना आणखी एक यंत्र कशाला, हा आक्षेप म्हणूनच रास्त आहे.

त्याला उत्तर आहे आणि ते तांत्रिक नाही. मोबाइलवरचा खेळ कधीच एकटा नसतो. मध्येच बँकेचा संदेश येतो, कार्यालयाचा दूरध्वनी येतो, शाळेच्या गटात सूचना झळकते. शिवाय मोबाइलवरील आजचे बहुतेक लोकप्रिय खेळ संपण्यासाठी रचलेलेच नसतात. रोज यावे, थोडे अडावे, अडल्यावर रत्ने, नाणी किंवा पोशाख विकत घ्यावेत, अशी त्यांची बांधणी असते. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला आणि अशा व्यवहारांना हातभार लावण्यास बँकांनाही मनाई केली. किती घरांच्या पुंजीला या वाटेने गळती लागली होती, हे त्यावरून ध्यानी यावे. बिनपैशाच्या म्हणविल्या जाणाऱ्या खेळांतील किरकोळ खरेदी मात्र चालूच आहे आणि ती महिनाअखेरीच्या विवरणपत्रातच दिसते.

जुना खेळ एकदाच पैसे घेत असे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा १३ सप्टेंबर १९८५ रोजी आलेला संपूर्ण खेळ सुमारे ४० किलोबाइटमध्ये बसतो. आजच्या मोबाइलने काढलेले एक छायाचित्रही त्याच्या अनेक पट मोठे असते. त्या चाळीस किलोबाइटमध्ये आठ जगे आहेत, प्रत्येकात चार टप्पे आहेत आणि शेवटी सुटका आहे. यंत्र बंद केले की खेळ बंद होतो. कोणतीही सूचना पाठवून तो पुन्हा बोलावत नाही. ज्याला शेवट आहे अशी करमणूक ही आज दुर्मीळ वस्तू झाली आहे आणि तिच्यासाठी काही रुपये मोजणे हा उधळेपणा म्हणता येणार नाही.

तरीही एवढ्यावर हिशेब पुरा होत नाही. या खरेदीमागे बहुतेकांच्या मनात बालपणीची थकबाकी असते. शेजाऱ्याच्या घरी पाळीची वाट पाहत उभे राहिलेले, ती येण्याआधीच आईच्या हाकेने परत फिरलेले मूल आता स्वतः कमावते आणि मनात म्हणते, आता सारे खेळ आपले, आता कोणाची वाट पाहायची नाही. यंत्र घरी येते. पहिल्या रात्री दोन तास डोळ्यांतून पाणी येईस्तो खेळ होतो. दुसऱ्या आठवड्यात ते खणात जाते. असे का होते? कारण थकबाकी ज्या खात्यावर होती त्या खात्यात भरणा झालाच नाही. त्या काळी आनंद केवळ मारिओच्या उडीत नव्हता. उडी चुकली की मागे उठणारा सात जणांचा ओरडा, ‘आता माझी पाळी’ म्हणून पुढे आलेला हात, तीस प्राणांपैकी अर्धे धाकट्याला द्यावेत की नाही यावरचा वाद, यांत तो होता. हातातील यंत्र एकट्याचे असते. जुना खेळ चार जणांचा होता. हा फरक न ओळखता केलेली खरेदी फसते.

म्हणून यंत्र घ्यावे की नाही, यापेक्षा ते घरात पाळी परत आणील असे घेता येईल का, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. आणि ते शक्य आहे. यांतील अनेक यंत्रांना दूरचित्रवाणी संचास जोडण्याची सोय असते आणि वेगळी जॉयस्टिकही जोडता येते. खरेदीच्या वेळी पडद्याचा तेजस्वीपणा आणि चिपची गती पाहणारे पुष्कळ असतात. ही जोडणी पाहणारे थोडे असतात. वास्तविक तीच आधी पाहावी. दहा वर्षांची मुलगी आणि बेचाळीस वर्षांचे वडील एकाच पडद्यासमोर बसले आणि वडिलांचा खेळाडू आधी मेला, तर त्या खरेदीची वसुली झाली असे खुशाल समजावे. ‘डक हंट’ मात्र अशा वेळी रुसणार. त्याची प्रकाशबंदूक जुन्या काचनळीच्या संचावरच चालत असे, आजच्या सपाट पडद्यावर मूळ बंदूक चालत नाही.

दहा हजार खेळांचा मोह

या यंत्रांच्या जाहिरातीत एक आकडा ठळक असतो. पाच हजार खेळ, दहा हजार खेळ, वीस हजार खेळ. ‘फुकट ते पौष्टिक’ या न्यायाने ग्राहक त्या आकड्याकडे ओढला जातो. येथे दोन गोष्टी स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट कायद्याची. यंत्र बनविणे व विकणे हा एक व्यवहार आहे आणि त्यातील कार्डावर दुसऱ्याचे खेळ भरून विकणे हा वेगळा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रणालीला साहित्यकृतीप्रमाणेच संरक्षण आहे आणि त्याची मुदत अनेक दशकांची आहे. १९८५ चा खेळ जुना असला तरी बेवारस झालेला नाही. ज्याच्याकडे प्रणालीची कायदेशीर प्रत आहे त्याला स्वतःच्या प्रतीच्या रक्षणासाठी राखीव प्रत करण्याची मुभा याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. मात्र कोणा अनोळखी विक्रेत्याने भरून दिलेले दहा हजार खेळ त्या मुभेत बसत नाहीत. अमेरिकेत ‘युझू’ ही निन्टेन्डोच्या नव्या यंत्राची नक्कल करणारी प्रणाली तयार करणाऱ्यांना मार्च २०२४ मध्ये २४ लाख डॉलर देण्याचे मान्य करून काम थांबवावे लागले. इटलीत २०२५ मध्ये अशा छोट्या यंत्रांची ओळख करून देणाऱ्या एका यूट्यूब निवेदकाकडील यंत्रे तेथील पोलिसांनी जप्त केली. भारतातील साध्या खरेदीदारामागे कोणी हात धुऊन लागेल असे नव्हे. परंतु पाइरेटेड पुस्तक घरात ठेवताना ज्याला संकोच वाटतो, त्याला येथेही तो वाटावयास हवा.

बालपणीचा तो टीव्ही गेमही नक्कलच होता, मग आताच हा सोवळेपणा कशाला, असे कोणी विचारील. त्या वेळी अस्सल यंत्र येथील बाजारात जवळपास मिळतच नव्हते आणि खरेदी करणारे अजाण होते. आज दोन्ही सबबी उरलेल्या नाहीत. जुने खेळ परवान्यासह मिळण्याचे मार्ग आहेत. ब्रिटनमधील ‘एव्हरकेड’ हे २०२० मध्ये आलेले यंत्र मूळ कंपन्यांशी करार केलेल्या खेळांच्या कॅसेट विकते. निन्टेन्डोने स्वतः २०२० मध्ये मारिओचा आणि २०२१ मध्ये झेल्डाचा ‘गेम अँड वॉच’ नव्याने काढला. अनेक कंपन्या आपले जुने खेळ संग्रहरूपाने संगणकावर विकतात. शिवाय गेम बॉयसाठी आजही नवे खेळ लिहिणारे हौशी प्रणालीकार आहेत. त्यांतील कित्येक जण आपले खेळ स्वखुशीने विनामूल्य देतात, तर काही जण अल्प किंमत घेतात. रिकामे यंत्र घ्यावे आणि त्यात असे निवडक खेळ भरावेत, हा मार्ग सरळ आहे आणि फारसा महागही नाही.

दुसरी गोष्ट मनाची, आणि ती कायद्याहून कमी महत्त्वाची नाही. अति तेथे माती. दहा हजार खेळ समोर आले की माणूस खेळत नाही, चाळत बसतो. एक उघडतो, दोन मिनिटांत बंद करतो, दुसरा उघडतो. ज्या मुलांनी एकाच कॅसेटवर संपूर्ण उन्हाळा काढला, त्यांना प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक शत्रू ठाऊक होता, कारण दुसरी कॅसेट नव्हती. तुटवड्याने दिलेली ती एकाग्रता विपुलतेत मिळत नाही, ती स्वतः ठरवून आणावी लागते. दहा खेळ पुरेत. ते संपले तर अकरावा घ्यावा.

पैसे मोजताना

आता व्यवहाराकडे वळू लागणाऱ्या ग्राहकाने काही बाबी ध्यानात ठेवाव्यात. इलेक्ट्रॉनिक व्हिडिओ गेम ही वस्तू केंद्र सरकारच्या आदेशान्वये भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीखाली येते. त्यामुळे यंत्रावर नोंदणीचे चिन्ह व क्रमांक आहे का, हे पाहावे. हा नियम कागदी नाही. या यंत्रांत लिथियमची बॅटरी असते, आणि हलक्या प्रतीची बॅटरी फुगणे किंवा तापणे हे मुलांच्या हातातील वस्तूच्या बाबतीत परवडणारे नाही. यंत्रासोबत येणारे बिननावाचे मेमरी कार्ड लवकर बिघडते, म्हणून चांगल्या कंपनीचे कार्ड वेगळे घ्यावे. पक्के बिल घ्यावे. ऑनलाइन विक्रेत्याने वस्तूचा मूळ देश आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव देणे २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार बंधनकारक आहे. ज्या पानावर हे नाही, ते पान मिटावे.

परदेशी संकेतस्थळावरील किंमत स्वस्त दिसते, परंतु तेथील आकडा हा शेवटचा आकडा नसतो. चलन बदलाचे शुल्क, त्यावरील कर, सीमाशुल्क आणि वाहतूक यांची बेरीज करावी. पाकिटावर ‘भेटवस्तू’ लिहिले की शुल्क लागत नाही, ही समजूत जुनी झाली. भेट म्हणून शुल्काविना येणाऱ्या मालाची सवलत डिसेंबर २०१९ पासून राखी आणि जीवरक्षक औषधे यांपुरतीच उरली आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधील निर्देशांनुसार नव्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार मुळात बंद असतात आणि ग्राहकाने ते स्वतः चालू करावे लागतात. एका खरेदीसाठी ते चालू केले असतील, तर खरेदी आटोपताच बंद करावेत आणि मर्यादाही बेताची ठेवावी. अविश्वसनीय स्वस्त जाहिरातीत पैसे अडकले, तर संकोच न करता तत्काळ १९३० या मदत क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवावे. खेळण्यासाठी फसलो हे सांगण्याची लाज वाटून जे गप्प बसतात, त्यांचे पैसे परत मिळण्याची शक्यता तासागणिक घटते.

बिनव्याजी हप्त्यांचा मोहही येथे येतोच. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते आणि व्याज अन्य शुल्काच्या रूपाने दडलेले असते, ही भूमिका रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना कळविली होती. सहा हजारांच्या खेळण्यासाठी हप्ते बांधून घेणे म्हणजे खेळण्याआधीच एक प्राण गमावणे. त्यापेक्षा दरमहा एक हजाराप्रमाणे सहा महिन्यांची आवर्ती ठेव उघडावी. या सहा महिन्यांचा खरा लाभ व्याजात नाही, तो परीक्षेत आहे. सहा महिन्यांनंतरही हौस तेवढीच ताजी असेल तर यंत्र निःसंकोच घ्यावे. ती विझली असेल तर सहा हजार रुपये हाती राहिले. ‘सस्ता रोये बार बार’ असे हिंदीत म्हणतात, पण घाईने घेतलेली वस्तू स्वस्त असो वा महाग, रडवतेच. विशेष म्हणजे या ठेवीत मुलाचा खाऊचा पैसाही घेता येतो. ज्या वस्तूसाठी घरातील सर्वांनी वाट पाहिली, ती वस्तू घरातील सर्वांची होते.

बँकेच्या कर्मचाऱ्यांसाठीही यात एक सूचना आहे. कार्डावर परदेशी व्यवहार कसा चालू करावा, हे विचारण्यासाठी आलेला चाळिशीचा ग्राहक ‘एक व्हिडिओ गेम मागवायचा आहे’ असे म्हणाला की समोरच्याच्या चेहऱ्यावर हसू येते. हसू येण्यास हरकत नाही, परंतु सल्ला गृहकर्जाइतक्याच गांभीर्याने द्यावा. लहान खर्चात शहाणपणाची सवय लागली की मोठ्या खर्चात ती आपोआप उपयोगी पडते. आणि ज्या ग्राहकाच्या हौसेची कोणी थट्टा केली नाही, तो आपल्या अडचणीही मोकळेपणाने सांगतो.

भिलाईसारख्या शहरात अभ्यासाचा दरारा मोठा. तेथील मुलांकडून अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षांची अपेक्षा घरोघरी असते आणि खेळात गेलेला वेळ वाया गेला असे मानणारे पालक पुष्कळ. त्यांची काळजी खोटी नाही. पण मुलाच्या हातून अंतहीन पडदा काढून घ्यायचा असेल, तर त्याच्या हातात शेवट असलेले काहीतरी द्यावे लागते आणि त्यासाठी मोठ्यांनाही शेजारी बसावे लागते. कॅरमचा पट हे काम करतो, पत्त्यांचा जोडही करतो आणि तीन-चार हजारांचे छोटे यंत्रही करू शकते. मात्र त्यात खेळ मोजके असावेत, ते प्रामाणिकपणे मिळविलेले असावेत, त्यांची किंमत साठविलेल्या पैशांतून दिलेली असावी आणि घरात कोणाला तरी ‘आता तुझी पाळी’ असे म्हणणारे माणूस असावे. एवढे जमले तर हौसेचे मोल रुपयांत किती झाले, हे विचारण्याची गरज उरत नाही.